मागच्या सीटची शुद्धी

भागाबाईंच्या गंधमुक्तीला तीन दिवस उरले आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी आठवलं, की मोटार अजून धुतलेली नाही.

तेराव्याची बाकी तयारी झाली होती. अंगणात मांडव पडला होता, बट्ट्यांचं पीठ दळून आलं होतं, आणि पारोळ्याच्या उखाजी महाराजांनी कीर्तनाला यायचं कबूल केलं होतं. कीर्तन ही म्हातारीची शेवटची मागणी. असोद्याच्या आसपास जिथं म्हणून टाळ वाजला, तिथं ही बाई घोंगडी घेऊन पहिल्या रांगेत हजर. अंथरुणाला खिळल्यावर तिनं मुलाकडून, म्हणजे भटू नानांकडून, शब्दच घेतला होता. "रडारड नको करू माह्यासाठी. उखाजी महाराजाचं कीर्तन ठेव. आन् त्यायले आनाले मोटार पाठव. एस.टी.त उभं नको ठेवू त्या जिवाले."

तेव्हा मोटार पाठवणं आलं. आणि भागाबाई गेली होती ती त्याच मोटारीच्या मागच्या सीटवर.

त्या दिवशी छातीत कळ आली म्हणून नाना तिला जळगावला दवाखान्यात घेऊन निघाले, तर रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी होती. डब्यामागून डबा जात राहिला. फाटक उघडलं, तेव्हा पुढं जाण्याचं कारण उरलं नव्हतं. नानांनी तिथूनच मोटार वळवली, खळ्यात उभी केली, वर ताडपत्री टाकली. तेव्हापासून तिच्याजवळ कुणी गेलं नव्हतं.

मोटार तशी जुनीच. केळीला भाव चढला त्या वर्षी नानांनी ती जवरीलालशेठकडून घेतली होती. पुढची सीट रेक्झिनची, मागची अस्सल चामड्याची, तांबडी लाल. शेठजी जैन, चामड्यावर बसायचे नाहीत. सगळा जन्म ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले आणि मागची सीट नुसती मिरवली. त्यामुळे ती नानांच्या हाती आली ती नवरीसारखी. नानांनीही तिला तसंच जपलं. दर आठवड्याला मऊ फडक्यानं पुसायची, वर खोबरेलाचा पुसटसा हात फिरवायचा. केळीच्या बागेतून आलेल्या माणसाला तर ते दाराला हात लावू देत नसत. कपड्यांवरचा चीक सीटला लागला तर जन्मात निघायचा नाही.

आता त्याच सीटवर बशीएवढा काळपट डाग होता. म्हातारीच्या तोंडाला लावलेला काढा सांडला होता, त्याचा.

अडचण डागाची नव्हती, महाराजांची होती. उखाजी महाराज कीर्तनात सोवळ्याओवळ्याची अशी टर उडवायचे की मांडव हसून लोळायचा. पण स्वतः मयताच्या घरी विधी उरकल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत. गळा असा गोड, की माणसं त्यांचा हा हट्ट पोटात घालायची. ज्या सीटवर जीव गेला, तिच्यावर ते बसणं शक्य नव्हतं. मानाच्या माणसाला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवणं, हेही शक्य नव्हतं.

"मी गोमूत्र शिंपडते," नानांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणाल्या. "मंग पान्यानं धुते. झालं शुद्ध. त्यायले सांगाचं कोनी?"

शिंपडायला म्हणून घेतलेला तांब्या त्यांनी मन लावून पूर्ण ओतला. सासूचं काम, कमी पडायला नको. चामड्यानं ते सगळं पिऊन घेतलं. वैशाखाचं ऊन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी दार उघडलं आणि तसंच लावलं. गोठा बरा म्हणायचा.

शेजारचे पुना आबा दातण चावत कुंपणापाशी उभे होते. "रॉकेलानं पुस," ते म्हणाले. "रॉकेलापुढे कोनताच वास टिकत नही."

"चामड्याले चालते का, आबा?"

"काबरं नही चालनार? मी माह्यं इंजिन पुसतो."

रॉकेलाचा बोळा सीटवर फिरला आणि फडकं लाल झालं. आबा खूश. "पाय, कसा मळ निघू रायला!" दुसरं फडकं लाल झालं, तिसरं झालं, तेव्हा नानांना उमगलं की निघतोय तो मळ नाही, रंग आहे. हात थांबवला तोवर निम्मी सीट गजकर्ण झाल्यासारखी पांढुरकी पडली होती. म्हातारीचा डाग मात्र जागचा हलला नव्हता. उलट आजूबाजूचं उजळल्यामुळे आता तोच आधी दिसत होता. नाना त्याच्याकडे पाठ करून पायरीवर बसले.

दुपारच्या एस.टी.नं धुळ्याहून थोरल्या बहिणीचे यजमान, वना दाजी, दुखवटा घेऊन उतरले. काखेतलं धोतराचं बोचकं त्यांनी घरात दिलं आणि थेट खळ्यात आले.

"हाई काय करी ठेवं?" त्यांनी सीटकडे बघत आपल्या अहिराणीत विचारलं. मग नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "घबरावू नको, भटू. मी शे ना. जवसना तेलमा गेरू मिसाळसू आनि लाई देसू. उनमा ठेवानं. बठ्ठं नवं व्हई जाई."

"दाजी, चामड्याले गेरू?"

"मना घरना दारले लायेल शे. आजलगून टवका उडना नही."

"ते दार हाये, दाजी. दारावर कोनी बसत नही."

दाजींनी नुसतं पाहिलं. घरचा जावई, त्यातून दुःखाला आलेला. त्याच्यापुढं किती बोलायचं? दाजींनी धोतर वर खोचलं आणि तेल-गेरूचा एक हात दिला. तो चामड्यात जिरला म्हणून वर दुसरा दिला, आणि डाग दिसायचा थांबेना म्हणून त्या जागी आणखी जाड दिला. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात दिवसभर चारी दारं उघडी ठेवली. संध्याकाळी बोट लावून पाहिलं तर कोरडं. सीट लालभडक चमकत होती, देवळाच्या चौथऱ्यासारखी. डाग नाहीसा झाला होता.

"आते बोल," दाजी म्हणाले.

नानांनी मोटारीची चारी दारं लावून घेतली.

गंधमुक्तीच्या दिवशी पहाटेच नाना मोटार घेऊन पारोळ्याला गेले. महाराजांचा पखवाज वाजवणारा नथ्थू मांडीवर पखवाज घेऊन पुढं बसला. महाराज पांढरंशुभ्र धोतर आणि बंडी घालून मागं ऐसपैस टेकले. त्यांनी एकदा नाक वर करून वास घेतला.

"सीट नवी केली का हो नाना?"

"थोडीशी," नाना म्हणाले.

बरंच अंतर गेल्यावर महाराजांनी हळूच विचारलं, "म्हातारी घरीच गेली ना?"

"हो."

"कुठं, घरात?"

"तुळशीजवळ," नाना म्हणाले. इतकं सहज खोटं आपल्याला येतं, हे त्यांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

आरशात महाराजांचे डोळे भरून आलेले दिसले. "भाग्याची बाई," ते म्हणाले. पुढचा सगळा रस्ता ते डोळे मिटून गुणगुणत राहिले. मधेच म्हणायचे, "नथ्थू, इथं ठाय लय ठेव," मधेच, "तुळस म्हटलं की दुगुन." आख्यान तयार होत होतं. ऊन चढत होतं, मोटारीचा पत्रा तापला होता.

असोद्याला अंगण भरून माणसं बसली होती. आधी कीर्तन, मग पंगत, असा बेत. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. टाळकरी पुढं आले, कुणी हार आणला. नानांनी मागचं दार उघडलं. महाराज उठले आणि लगेच खाली बसले. परत उठले, परत बसले.

"नाना," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मी उठतोय, पण धोतर उठत नाही."

वरची साय तेवढी वाळली होती. आतला रंग कच्चाच होता. उन्हानं आणि महाराजांच्या वजनानं साय फुटली आणि सीटनं धोतर, बंडी, सगळं धरून ठेवलं होतं. दोघांनी काखेत हात घालून ओढलं, तर चर्र असा आवाज आला. महाराजांनी डोळे मोठे केले. "राहू द्या. समोर आयाबाया आहेत."

"रॉकेल आनू का?" पुना आबांनी विचारलं.

धोतर तिथंच सोडून महाराजांना दुसरं नेसवावं, तर त्यांचं दुसरं धोतर पारोळ्याला दोरीवर वाळत होतं. दुसऱ्याचं नेसलेलं त्यांना चालत नव्हतं. जळगावहून नवं आणावं, तर घरात मोटार एकच, आणि तिच्यात महाराज. आणि ओसरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, नव्या कोऱ्या धोतरांचा ढीग पडलेला. सोयऱ्याधायऱ्यांनी आणलेला. दुखवट्याचा. मेल्या माणसाच्या नावानं घरच्यांना दिलेलं वस्त्र महाराजांच्या अंगाला लावायचं, हे बोलून दाखवायची छाती कुणाची नव्हती.

आतून वरणाचा वास यायला लागला. मागच्या रांगेतली पोरं रडू लागली. शेवटी महाराजांनीच तोड काढली.

"मोटार मांडवात घ्या. उभ्यानं होतं ते कीर्तन, बसून होतं ते प्रवचन. म्हातारी समजून घेईल."

माणसांनी ढकलत मोटार मांडवात आणली. दोन्ही दारं उघडली. एका बाजूला बाया बसल्या, एका बाजूला बाप्ये. नथ्थूनं बॉनेटला टेकून पखवाज लावला. टाळकऱ्यांना उभं कुठं राहायचं ते कळेना, ते डिकीमागं गेले. महाराजांनी हात जोडले, नमन म्हटलं, आणि त्यांचा आवाज लागला तशी ती सगळी गैरसोय माणसं विसरली. आवाजच तसा होता.

"कुठं गेली ही माउली?" महाराजांनी विचारलं आणि अंगणभर नजर फिरवली. "दवाखान्यात? खाटेवर? नाही. हिनं जागा कुठली निवडली?"

सगळं गाव खाली मान घालून बसलं. फाटकाची हकिगत प्रत्येकाला ठाऊक होती. आधी एक टाळ थांबला, मग दुसरा. वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी धरून नानांकडे पाहिलं. त्या दिवशी मोटारीत त्यांच्याच मांडीवर म्हातारीचं डोकं होतं.

"तुळशीच्या—" महाराज म्हणाले.

"महाराज," नाना उभे राहिले. "ती तुळशीजवळ नाही गेली. तुम्ही बसले ना, तिथं गेली. फाटकापाशी."

पखवाजावरचा नथ्थूचा हात तसाच राहिला. महाराज ताडकन उठले. म्हणजे उठायला गेले. मोटार डगमगली, धोतरानं त्यांना खाली ओढलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मला खोटं का सांगितलं?"

"तुम्ही बसले नसते."

"नसतोच बसलो." राग यावा तसा आला होता, पण रागानं निघून जायची सोय नव्हती. मग त्यांचा आवाज उतरला. "शेवटी काही बोलली का?"

नानांनी बायकोकडे पाहिलं. वच्छलाबाईच बोलल्या. "मले म्हने, भटूची सीट नासली. काढा सांडला व्हता ना. मी म्हनलं, जाऊ द्या माय, पडून राहा. नही ऐकलं. पदरानं पुसू रायल्या व्हत्या. पुसता पुसताच हात थांबला."

नाना उभ्याचे खाली बसले. हे वच्छलाबाईंनी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

महाराजांनी आपल्या डाव्या बाजूला, त्या लाल लेपाकडे पाहिलं. त्यावरून हात फिरवावा असं त्यांच्या मनात आलं असावं. पण हातही चिकटेल म्हणून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"म्हणजे तिनं पुसली होती," ते म्हणाले.

"हो महाराज."

"मग वर हे सगळं कशाला लिंपलं तुम्ही?"

वना दाजी मांडवाचा बांबू किती जाड आहे ते बघत होते.

"ओसरीवरचं एक धोतर आणा," महाराज म्हणाले.

"महाराज, ते दुखवट्याचं—"

"मला दिसतंय ते. तेच आणा. बायांनो, जरा तिकडं तोंड करा."

चादर आडवी धरली गेली. आत बरीच ओढाताण झाली, एकदा महाराजांच्या तोंडून 'अगं आई गं' असंही आलं. मग ते बाहेर आले. बंडी आणि धोतर मागं सीटवरच राहिलं, कुणी बसून गेल्यासारखं. उघड्या अंगानं ते मोटारीपुढं उभे राहिले, टाळकऱ्यांना डिकीमागून पुढं बोलावलं, नथ्थूला खूण केली आणि उभ्यानं कीर्तन सुरू केलं. तुळशीचं त्यांनी नाव काढलं नाही. एक म्हातारी मरताना पदरानं मोटारीची सीट पुसते, एवढंच आख्यान. त्यात ना देव होता ना चमत्कार, आणि वरण आटून कोरडं पडलं तरी पंगतीसाठी कुणी उठलं नाही.

धोतर वना दाजींनी आणलेलं निघालं. ते चांगलं आखूड होतं. पण त्या दुपारी महाराजांच्या पोटऱ्यांकडे कुणाची नजर गेली नाही.