सोगिमचे चाळीस घोडे

कझाकस्तानातल्या तराज शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारींना उत्तरे देण्याच्या टेबलावर बसणाऱ्या तोलेगेन बेकमुरातोव यांच्या घरी, डिसेंबरच्या सुरुवातीला, एक घोडा कमी असल्याचे निदर्शनास आले. घोडा चोरीला गेला नव्हता, पळालाही नव्हता. तो अजून विकत घ्यायचा होता. हिवाळाभर पुरेल इतके मांस घरात भरण्यासाठी जो घोडा कापतात, त्या सोगिमच्या घोड्याचे पैसे तोलेगेनने उन्हाळ्यापासून बँकेत बाजूला ठेवले होते, आणि आता ते बाजूला नव्हते. कुठेच नव्हते.

एरवी माणूस एखादा हिवाळा बटाट्यांवर काढतो. पण महिनाअखेरच्या रविवारी थोरल्या लेकीचे सासू-सासरे शिमकेंतहून सोगिमचा पहिला घास घ्यायला येणार होते. लग्नानंतरचे पहिलेच आमंत्रण. नव्या व्याह्यांना सोगिमला बोलवायचे आणि पुढ्यात कोंबडी ठेवायची, म्हणजे लेकीने जन्मभर सासरी मान खाली घालून चहा ओतायचा.

"अहो, बँकेला फोन करा! चोरी झालीय!" तोलेगेनची बायको राउशान ओरडली.

"चोरी नाही झाली," कोपऱ्यातून नऊ वर्षांचा अलिनूर म्हणाला. "मी घोडे घेतले."

"काय घेतलंस?"

"घोडे. तुम्हीच म्हणत होतात ना बाबा, हे पैसे घोड्याचे आहेत, यांचा घोडाच घ्यायचा? बाजारात एक आला असता. इथे चाळीस आले."

त्याने बँकेचे खाते जोडलेला बापाचा फोन पुढे केला. 'कळपाचा धनी' नावाच्या खेळात, हिरव्यागार माळावर, चाळीस घोडे माना हलवत उभे होते. पोराच्या पाठीत घालायला उचललेला तोलेगेनचा हात वरच राहिला. शेवटी कझाख माणूस तो; समोर घोडा आला की आधी पाय बघणार.

"तो काळा... त्याची चाल दाखव बरं."

"अहो!" राउशान म्हणाली.

"बघतोय फक्त. आणि काय रे, हे कापायचे कुठून?"

"कापता येत नाहीत, बाबा. गाजरं देता येतात. गाजरांचे वेगळे पैसे."

सारासार विचार करता दोष तिघांपैकी कोणाचा तरी असणे भाग होते. मुलगा लहान होता. बाप आपण स्वतः होतो. उरली कंपनी. तोलेगेनने त्याच संध्याकाळी कंपनीला कडक शब्दांत तक्रार पाठवली, तीत 'निष्पाप बालक' हे शब्द जमेल तिथे घातले, आणि मांस नसलेला खेळ घोड्यांचा म्हणून विकणे ही ग्राहकाची शुद्ध फसवणूक आहे, असा मुद्दाही जोडला.

उत्तर आले. "आपल्या तक्रारीची गांभीर्याने नोंद घेण्यात आली असून ती निकाली काढण्यात आली आहे."

हे वाक्य तोलेगेन गेली कित्येक वर्षे रोज लिहीत होता. ते कोणाला तरी पोचते, आणि पोचल्यावर असे लागते, हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

"कोण हलकट असं लिहितो?" तो संतापून म्हणाला. राउशानने चहा ओतला.

खाली कारणही दिले होते. कंपनीच्या नोंदीप्रमाणे खरेदी करणाऱ्या ग्राहकाचे वय एकशे चार होते, आणि एकशे चार वर्षांचा माणूस सज्ञान असतो. गाजरांवर त्याला वयोवृद्धांची सवलतही देण्यात आली होती. आता हे खरे की, खेळ फोनवर चढवताना जन्मसाल तोलेगेननेच भरले होते. खरे साल घातले की पालकांसाठीची लांबलचक माहिती भरावी लागते. म्हणून सोफ्यावर पडल्या पडल्या त्याने सालांच्या यादीवर अंगठा फिरवला, आणि अंगठा थांबला तिथे पोराचा जन्म झाला.

तोलेगेनने मुलाचा जन्मदाखला पाठवला. कंपनीने मोठ्या मनाने मान्य केले की ग्राहक नऊ वर्षांचा आहे. मात्र तसे असल्यास प्रश्न असा उपस्थित होतो की खरेदीच्या वेळी पालक कोठे होते? पालक जवळ असतील तर खरेदी त्यांच्या देखरेखीखाली झाली, सबब पैसे परत मिळणार नाहीत. जवळ नसतील, तर बालकाकडे कोणाचेही लक्ष नव्हते, असे बालसंरक्षण कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडावे.

बालसंरक्षण कार्यालयात कुआनिश नावाचा गोलमटोल, अतिशय प्रेमळ अधिकारी बसला होता.

"प्रमाणपत्र ना? देतो की!" तो म्हणाला. "लगेच देतो. आमच्याकडे एक खिडकी योजना आहे. या खिडकीत प्रमाणपत्र घ्यायचं, आणि शेजारच्या खिडकीत मूल जमा करायचं."

"मूल कशाला जमा करायचं?"

"अहो, ज्या मुलाकडे घरात कुणाचंच लक्ष नाही, ते घरी ठेवून कसं चालेल? सरकारी वसतिगृहात जागा आहे. गरम पाणीसुद्धा आहे. काय नाव म्हणालात?"

"चुकून आलो," असे म्हणून तोलेगेन बाहेर पडला तो थेट बसथांब्यापर्यंत मागे न बघता चालत गेला. घोडा गेला तो गेला, आता पोरगाही जातो की काय!

इथे शेजारी सापारगालीने सूत्रे हाती घेतली. त्याच्या मुलीने त्याच कंपनीच्या दुसऱ्या खेळात एका मांजरीला सोन्याचे पंख घेऊन दिले होते, आणि सापारगालीची मोटार त्यामुळे दुरुस्तीवाल्याकडेच अडकून पडली होती.

"तोके, एकट्यादुकट्याचं काम नाही हे," तो म्हणाला. तोलेगेनला मान द्यायचा, आणि वर त्याच्याकडून काम करून घ्यायचे, म्हणजे लोक त्याला तोके म्हणत. "आपण पीडित पालक परिषद काढू. अध्यक्ष तुम्ही. तक्रारीची भाषा तुम्हाला येते."

"मला उत्तराची येते," तोलेगेन म्हणाला.

"तेच ते."

शाळेच्या सभागृहात परिषद भरली. शहरभरचे पीडित आले, येताना मुलांना घेऊन आले, कारण घरी ठेवायची कोणाकडे? मुलांनी इतका गोंधळ घातला की अध्यक्षांचे भाषण अध्यक्षांनाच ऐकू येईना. शेवटी प्रत्येकाने आपापला फोन आपापल्या मुलाच्या हातात दिला. सभागृह एकदम शांत झाले. या कंपन्यांनी आपल्या लेकरांचे बालपण गिळले, हा ठराव मग एकमताने संमत झाला. विरोधात कोणी नव्हते, मुलांनी तर मानही वर केली नाही.

ठराव वर्तमानपत्रात छापून आला आणि कंपनीने सुनावणीसाठी आपला माणूस पाठवला. ती अर्दाक नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी निघाली. पालक तिला फाडून खायच्या तयारीनेच आले होते. पण ती दूर अल्माटीहून आलेली, म्हणजे पाहुणी. पाहुण्याला आधी चहा. मग तळलेले बाउरसाक, मग सुकामेवा, मग घरच्यांची विचारपूस. फाडून खायची वेळ आली तोपर्यंत सापारगालीची बायको तिच्यासाठी स्थळ सुचवत होती.

"आम्हाला कोणी काही विचारलंच नाही," तोलेगेनने अखेर घसा साफ करून मुद्दा मांडला. "मुलानं परस्पर घोडे घेतले. बापाला विचारायची काही पद्धत आहे की नाही?"

"आहे ना, काका," अर्दाक म्हणाली. "चौदाच्या आतल्या आणि ऐंशीच्या पुढच्या ग्राहकानं काहीही घेतलं, की खेळ त्याला सांगतो, घरातल्या मोठ्या माणसाला मोठ्यानं विचार. उत्तर येईपर्यंत फोन ऐकत राहतो. ऐकवू?"

तिने ऐकवले.

"बाबा, एक घोडा घेऊ?" अलिनूरचा आवाज.

"हं," एक जाडसर आवाज.

"पांढरा पण घेऊ?"

"हं."

"बाबा, ऐकताय ना?"

"हं हं."

"हा आवाज माझा नाही," तोलेगेन म्हणाला.

"अहो, तुमचाच आहे," राउशान म्हणाली. "मला रोज ऐकू येतो."

सभागृहात हशा पिकला. हसण्यात सापारगाली सर्वांत पुढे होता, कारण त्याची पाळी अजून यायची होती. अर्दाकने पुढचे ऐकवले. घोड्यामागून घोडा, हं मागून हं. आणि मग मध्येच, घोड्याचा काही संबंध नसताना:

"बाबा, शनिवारी शाळेत माझी कुस्ती आहे. पहिलीच. याल ना बघायला?"

"हं."

"नक्की?"

"हं, हं. जा आता."

तोलेगेनला तो शनिवार आठवेना. कुस्ती झाली असणार, आणि जिंकला की हरला हेही त्याला ठाऊक नव्हते. त्याने अलिनूरकडे पाहिले. पोरगा बुटांच्या नाड्या बांधत होता, त्या आधीच बांधलेल्या होत्या.

"कंपनी सहानुभूतीनं विचार करायला तयार आहे," अर्दाक म्हणाली. "आमच्या कायदा विभागाचं मत असं की, 'हं' म्हणजे संमती नव्हे, असं पालकांनी लिहून दिलं तर पैसे परत करता येतील. मजकूर आम्ही आणलाय."

मजकूर सुबक होता. "मी माझ्या मुलाला 'हं' म्हणतो, तेव्हा त्याचा काहीही अर्थ नसतो. मी त्याचे बोलणे ऐकलेले नसते. सदर उद्गारावर कोणीही, विशेषतः मुलाने, विसंबून राहू नये."

उत्तम मसुदा होता. तोलेगेनला यात एक स्वल्पविरामही बदलावासा वाटला नाही. पालकांची रांग लागली. मांजरीच्या पंखांचे पैसे मोजून घेताना सापारगालीने दबक्या आवाजात विचारले, "हे बायकोलाही लागू करता येईल का हो?"

तोलेगेनचा हात मात्र थांबला. समोर पोरगा उभा होता.

"करा सही, बाबा," अलिनूरच म्हणाला. "व्याही यायचेत. ताईचं काय होईल?"

तोलेगेनने सही केली. पैसे आले. माळावरचे घोडे एकेक करून पुसले गेले; काळा सगळ्यांत शेवटी गेला. अलिनूरने फोन बापाच्या हातात दिला आणि तो पुन्हा मागितला नाही.

सोगिम दणक्यात झाले. बाजारातून चांगला धष्टपुष्ट घोडा आला, घोड्याच्या मांसाच्या कझी-कार्ताची ताटे भरली, व्याह्यांनी दोन्ही हात उचलून घराला आशीर्वाद दिला, आणि विहीणबाईंनी लेकीची सर्वांसमक्ष तारीफ केली. अलिनूर तांब्या आणि घंगाळ घेऊन पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत फिरत होता.

"मोठा गुणी आहे हो पोरगा!" व्याही म्हणाले.

"गुणी? पैलवान आहे!" पोटभर जेवलेला तोलेगेन भरून आल्यासारखा म्हणाला. "शनिवारी जिल्ह्याची कुस्ती आहे त्याची. मी स्वतः जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार!"

अलिनूर तांब्या सावरत बापापुढे थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते.

"बाबा, हे लिहून देणार का?"

व्याही मांडीवर थाप मारून खो खो हसले. विहीणबाई हसल्या. राउशान ताटे उचलून आत निघून गेली. तोलेगेन हात पुढे करून तसाच बसला, आणि त्यावर अलिनूरच्या तांब्यातले पाणी पडत राहिले.

तुम्हीही हसलात, वाचकहो, त्याला काही हरकत नाही. पण ही गोष्ट वाचायला घेतल्यापासून तुमच्या खुर्चीपाशी कोणीतरी दोनदा येऊन उभे राहिले होते, आणि दोन्ही वेळा तुम्ही मान वर न करता काहीतरी उत्तर दिलेत. बँकेचे खाते नंतर बघा. त्याने काय विचारले होते, ते आधी जाऊन विचारून या.