घोरपडकाकूंच्या अंगणातलं प्रस्थान

एका जंगलात मुंगसांचं एक जोडपं राहत होतं आणि त्यांना लागून घोरपडकाकू राहत होत्या. लागून म्हणजे किती लागून? तर मुलांनो, मुंगसांच्या बिळात कुणी शिंकलं की काकू आपल्या बिळातून "शतंजीव!" म्हणायच्या. इतकं लागून.

मुंगसाचं नाव नकुळराव, बायकोचं सुरंगी. त्यांना नुकतीच एक मुलगी झाली होती, ठुमी.

मूल झालं की घरात एक माणूस वाढतं असं म्हणतात. साफ खोटं. एका मुलामागं सगळं जंगल घरात येतं. हरिणी आली आणि म्हणाली, "पोरीला पालथी घालू नका." साळिंदरबाई आली आणि म्हणाली, "पालथीच घाला." माकडीण तर पोरीला उलटी धरायला सांगून गेली. घोरपडकाकू तेवढ्या आल्या नाहीत. कारण त्या गेल्याच नव्हत्या.

काकू वाईट नव्हत्या हं. सुरंगीचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. रात्र रात्र ठुमीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जीव लावावा तर काकूंनीच. फक्त एकदा चिकटल्या की सुटत नसत. घोरपडीचा जातीचा गुण, त्याला त्या तरी काय करणार?

सुरंगीची एकच इच्छा होती. तिला समुद्र बघायचा होता.

मागे एकदा वादळात वाट चुकून एक समुद्रपक्षी जंगलात आला होता. तो जाता जाता बोलून गेला, "आमच्याकडं लाटांचा एवढा आवाज असतो, की शेजारी बसलेल्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही." त्या दिवसापासून सुरंगीच्या डोक्यातून समुद्र जाईना. एक दुपार तिथं बसायचं. मांडीवर ठुमी, आणि कुणाचं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. बास, एवढंच तिला हवं होतं.

तिनं हे नवऱ्याला सांगितलं. अर्थात शेवटचं सोडून.

नकुळरावांचा चेहरा उजळला. समुद्रासाठी नव्हे. नकुळरावांना जगात एकच शब्द आवडायचा, तो म्हणजे 'स्वस्तात'. सहल आली की स्वस्तात कशी करायची हा विचार आला, आणि हा विचार करण्यात जे सुख होतं ते त्यांना सहलीतही मिळालं नसतं.

"पाठीवरचं बिऱ्हाड!" ते म्हणाले. "विंचवीण बघ, सगळी पोरं पाठीवर घेऊन फिरते. परवा वडाखाली तिचं व्याख्यान होतं. म्हणाली, आपलं घर आपल्याबरोबर चालायला लागलं की जग आपलं."

"पण आपल्या पाठीवर घर कुठाय?"

"भाड्यानं मिळतं."

आणि खरंच मिळत होतं. तळ्याकाठी कमठअण्णा नावाचं एक थोराड कासव होतं. त्यांनी पाठीवर बांबूची खोली बांधून घेतली होती. खोलीत चूल होती, घडीची बाज होती, खिडकीला पडदा होता. भाडं काही नाही. वाटेत लागेल ते गवत अण्णांना चरू द्यायचं, एवढाच करार.

"हॉटेल नको, खानावळ नको," नकुळराव हरखून म्हणाले. "झोपायचं घरात, शिजवायचं घरात, धुणंभांडी घरात."

"म्हणजे तिथंही मीच?" सुरंगीनं विचारलं.

"अगं, पण खिडकीतला देखावा बदलत असतो ना!"

कमठअण्णा फार बोलत नसत. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "घाई करायची नाही आणि ओझं फार घालायचं नाही. ओझं झालं की मी मान आत घेतो."

"आणि बाहेर कधी काढता?" नकुळरावांनी विचारलं.

"ओझं उतरलं की," अण्णा म्हणाले आणि गवत खाऊ लागले.

ठरलं. बातमी फुटायला वेळ लागला नाही, कारण हे बोलणं चालू असताना काकू पडद्यामागंच होत्या.

"बाई बाई बाई! एवढ्याशा जिवाला घेऊन समुद्रावर?" काकूंनी गालावर हात मारला. "खारा वारा बाधतो गं. माझ्या मावसनणंदेच्या जावेचं पिल्लू असंच नेलं होतं. आलं ते नुसतं शिंकत."

"मग काय झालं त्याचं?" सुरंगीनं घाबरून विचारलं.

"काय व्हायचंय? आता चांगला थोराड झालाय मेला. पण शिंकतो अजून!"

काकूंनी विरोध मात्र केला नाही. उलट सहल आपलीच असल्यासारखी कंबर कसली. "मुहूर्त तरी बघितलास का?"

आता गंमत बघा. त्या जंगलात कुणी प्रवासाला निघालं की आधी मुंगसाचं तोंड बघायचं. मुंगूस दिसलं की काम फत्ते. कोल्हा येऊन बघायचा, लांडगा येऊन बघायचा. सकाळी सकाळी नकुळरावांच्या दारात रांग लागायची. पण स्वतः मुंगसानं निघायचं तर कुणाचं तोंड बघायचं? म्हणून नकुळराव घुबडगुरुजींकडं गेले.

गुरुजी झोपेत होते. त्यांनी एक डोळा उघडला. "उद्या. सूर्य डोक्यावर आला की निघा. नंतर पावसाळा संपेपर्यंत काही नाही," असं म्हणून तो डोळाही मिटला.

दुसऱ्या दिवशी कमठअण्णा दारात उभे. खोलीत बेताचं सामान चढलेलं. सूर्य चढत होता. सुरंगीनं ठुमीला उचललं, तर ठुमीनं भोकाड पसरलं. काकूंनी तिच्या तोंडात बोट घालून बघितलं.

"दात येतोय! दातात निघू नये."

"पण मुहूर्त?" नकुळराव रडकुंडीला आले.

"मग प्रस्थान ठेवा की."

मुलांनो, तुम्हाला प्रस्थान माहीत नसेल. जुन्या माणसांची ती एक सोय होती. मुहूर्त आहे, पण निघता येत नाही. मग काय करायचं? मूठभर तांदूळ आणि सुपारी फडक्यात बांधायची आणि ते गाठोडं जायच्या दिशेला, शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. झालं. प्रवास सुरू झाला असं देवानं समजून घ्यायचं. पुढं सवडीनं गाठोडं उचलायचं आणि निघायचं. फक्त माणूस स्वतः प्रस्थानाला बाहेर पडला, तर त्यानं परत घरात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर सगळं मुसळ केरात.

"माझं घर समुद्राच्याच दिशेला आहे," काकू म्हणाल्या. आणि ते खरं होतं. काकूंचं अंगण समुद्राच्या बाजूला चार उड्या जास्त जवळ होतं.

"गाठोडं कशाला?" नकुळरावांना कल्पना सुचली. "आपलं घरच चालतं आहे. अख्खं घरच प्रस्थान ठेवू! आपल्यासकट!"

सूर्य डोक्यावर आला. काकूंनी सगळ्यांच्या हातावर दही घातलं. कमठअण्णांनी पाऊल उचललं. तिन्हीसांजेला ते काकूंच्या अंगणात पोचले.

"पहिला टप्पा पार!" नकुळराव म्हणाले.

दोन-चार दिवसांत दात आला. आता निघायचं. तर सुरंगीच्या लक्षात आलं, की गुटी उगाळायची सहाण घरीच राहिली. घर तर समोर दिसत होतं. पण परत फिरायचं नव्हतं.

"मी आणते की," काकू म्हणाल्या.

आणि काकू मुंगसांच्या बिळात शिरल्या. एकट्या. एवढे दिवस त्या घरात बसून होत्या खऱ्या, पण कोपरे बघायला मिळाले नव्हते. आता प्रत्यक्ष शास्त्रानंच त्यांना आत धाडलं होतं. बऱ्याच वेळानं त्या सहाण घेऊन आल्या. बरोबर पाळणा आणला.

"घडीच्या बाजेवर पोरीची मान अवघडेल गं."

मग परत गेल्या. धुरीची शेगडी आणली. धुरी घ्यायची तर गोवऱ्या हव्यात. गोवऱ्या भिजू नयेत म्हणून पेटारा हवा. पेटारा रिकामा कशाला न्यायचा, म्हणून त्यात सुरंगीचं सगळं लुगडं-चोळीचं सामान. "आणि हे काय गं, माळ्यावर लपवून ठेवलेलं उखळ? एवढं चांगलं उखळ! समुद्रावर काही कांडावंसं वाटलं तर?"

"काकू, पुरे आता," सुरंगी म्हणाली.

"तू लहान आहेस. तुला नाही कळायचं."

बातमी ऐकून बाकीचं जंगलही आलं. निरोपाला रिकाम्या हातानं येऊ नये. हरिणीनं दशम्या आणल्या. साळिंदरबाईनं नाकतोड्यांचा चिवडा आणला. माकडीण म्हणाली, "वाटेत काही मिळत नाही हो," आणि फणस चढवला.

फणस चढला आणि कमठअण्णांनी मान आत घेतली.

नकुळरावांनी हाका मारल्या. कवचावर टकटक केलं. पुढं गवत ठेवलं. अण्णांचा पाय दिसेना की नाक दिसेना.

"अहो, सामान उतरवू या," सुरंगी म्हणाली.

"उतरवून ठेवायचं कुठं? घरात परत न्यायचं? प्रस्थान मोडेल!"

"माझ्या अंगणात ठेवा ना," काकू म्हणाल्या. पण त्याच क्षणी त्यांना वाटलं, सामान उतरलं तर ही मंडळी जातील. मग ठुमीला न्हाऊ कुणाला घालायचं? म्हणून लगेच पुढं म्हणाल्या, "पण कमी काय करणार? सगळं लागणारंच आहे."

आणि कुणालाच काही कमी करता येईना. उखळ काढावं तर काकूंना वाईट वाटणार. फणस काढावा तर माकडीण समोर बसलेली.

दिवस गेले. मुंगसांचं बिऱ्हाड काकूंच्या अंगणात उभं होतं. पुढं जाता येईना, मागं जायचं नाही. सुरंगी खिडकीचा पडदा सारायची. देखावा तोच. समोर स्वतःच्या घराचं दार आणि मधे काकू.

"उठलीस का? रात्री पोर का रडत होती? आणि तू नकुळरावांना 'मेल्या' का म्हणालीस?"

आधी दोन घरांच्या मधे निदान एक भिंत होती.

नकुळराव मात्र खुशीत होते. काकूंकडून दोन वेळचं ताट येत होतं. अण्णा मान आत घेऊन असल्यानं गवतसुद्धा लागत नव्हतं. "इतकी स्वस्त सहल जंगलात आजवर कुणी केली नसेल!" ते म्हणायचे. लोक बघायला येऊ लागले. मग नकुळरावांनी व्याख्यानंच सुरू केली. विषय, 'तान्ह्या बाळासह परवडणारा लांबचा प्रवास.' विंचवीणसुद्धा येऊन पुढच्या ओळीत बसली.

"समुद्र कसा होता?" मागून एका सशानं विचारलं.

"प्रश्न शेवटी," नकुळराव म्हणाले.

सुरंगी खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. ठुमी तिच्या पायाशी होती. अंगण गच्च भरलं होतं. सगळे सामानाकडं बघत होते. पेटारा कसा बसवलाय, पाळणा कसा टांगलाय. सुरंगीनं पाठीमागं बघितलं. तिकडं घर होतं आणि तिकडं जायचं नव्हतं. मग तिनं पुढं बघितलं. पुढं वाट होती.

पुढं जायचं नाही असं तर कुणीच म्हणालं नव्हतं!

मुलांनो, मुंगसांची पोर न्यायची एक फार जुनी रीत आहे. मानगुटीला अलगद धरायचं, तोंडात घ्यायचं आणि चालू लागायचं. हल्ली तसं कुणी नेत नसे. गावंढळ दिसतं म्हणून. सुरंगीनं खाली वाकून ठुमीला उचललं आणि गर्दीतून निघाली.

"अगं, कुठं निघालीस?" हरिणीनं विचारलं.

सुरंगीच्या तोंडात पोर होती. ती बोलणार कशी?

"बरोबर काही घेतलंस का?" साळिंदरबाई ओरडली. "मुहूर्त बघितलास?" माकडीण ओरडली. "सुरंगी, अजून शेवट व्हायचाय!" नकुळराव ओरडले.

सुरंगी चालत राहिली. ज्याला उत्तर मिळत नाही तो प्रश्न फार लांब मागं येत नाही.

काकू तेवढ्या मागोमाग धावल्या. हातात टोपडं होतं. "अगं वारा... अगं पोरीचे कान... अगं ऐक तरी!" अंगणाच्या कडेला आल्या आणि थांबल्या. लांब जाणाऱ्या सुरंगीच्या तोंडात ठुमी झोके घेत होती, आणि हसत होती. काकू टोपडं हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. तिथं त्यांना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जन्मात एवढी एकच गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

डोंगर गेले, नद्या गेल्या. आणि एका दुपारी सुरंगीनं ठुमीला ओल्या वाळूवर ठेवलं. तोंड मोकळं झालं. समोर समुद्र होता.

एका बिळातून एक खेकडीण वर आली. तिनं ठुमीकडं बघितलं, सुरंगीकडं बघितलं, दोन्ही नांग्या कमरेवर ठेवल्या आणि काहीतरी बोलू लागली. चांगलं लांबलचक बोलत होती. सुरंगीला एक अक्षर ऐकू आलं नाही. ती खेकडिणीकडं बघून गोड हसली आणि दुपारभर तिथंच बसली.

पुढं ती परतही आली. तेव्हा काकूंच्या अंगणात नकुळरावांचं व्याख्यान चालूच होतं. तिच्या पायाची वाळू दाखवून ते श्रोत्यांना म्हणाले, "बघा! बारीकसारीक विचार करून आखणी केली, म्हणून हे झालं. आणि खर्च? शून्य!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमठअण्णांनी मान बाहेर काढली, टाळ्या ऐकल्या आणि परत आत घेतली.

तर आता तात्पर्य ऐका आणि झोपा.

तात्पर्य : सहलीची आखणी नेहमी अगदी बारकाईनं करावी. तिला कंटाळून का होईना, घरातलं एखादं माणूस पोचतं.