रिकाम्या पाळण्याचं डॅम्पिंग

आमच्या बाबूला मी गणिताने झोपवणार होते! हसू नका. मी पॉलिटेक्निकात यंत्रांची कंपनं शिकवते. बाळंतपणाची रजा रविवारी संपत होती आणि बाबू माझा हात सुटला की भोंगा सुरू करायचा. सोमवारी काय?

म्हणून स्प्रिंगचा पाळणा आणला, वर हलवणारी मोटर. मोटरचा वेग थोडाथोडा वाढवायचा, प्रत्येक वेगाला पाळणा किती उसळतो ते आत ठेवलेल्या मोबाईलने टिपायचं आणि आलेख काढायचा. शिखर सुळक्यासारखं आलं तर डॅम्पिंग कमी, म्हणजे हेलकावा लवकर विझत नाही. पसरट आलं तर जास्त. शिखराच्या सत्तर टक्के उंचीवर रुंदी मोजली की आकडा हातात!

शुक्रवारी बाबू आजीच्या मांडीवर असताना रिकामा पाळणा तपासला. सुळका! शनिवारी खात्रीसाठी पुन्हा तपासला, तर शिखर घावनासारखं पसरलेलं! डॅम्पिंग एका रात्रीत चौपट?

मला घातपाताचा वास आला.

"सुजय, स्प्रिंगला काय चोपडलंस?"

"मी? मला त्या पाळण्याकडे बघायचीसुद्धा बंदी आहे!"

नवऱ्याला इतक्या पटकन खोटं बोलता येत नाही, म्हणून तो सुटला. मग दुकानदारावर संशय घेतला, मांजरावर घेतला. उरल्या सासूबाई. मोटर सुरू झाली की त्या बाबूला घेऊन देवघरात जाऊन काहीतरी पुटपुटत!

मी पाळण्यातली गोधडी उचलली. खाली सुती पिशवीत सैलसर तांदूळ! दाणे एकमेकांवर घासून माझा हेलकावा गिळत होते.

"आई, हे काय?"

"मग काय गो करू? रिकामा पाळणा हलवू नये, पोराच्या पोटात दुखतं."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगून? तू पोटदुखीचाही आलेख काढला असतास!"

तांदूळ डब्यात गेले, सुळका परत आला. मग बाबूच्या वजनाचा हिशेब धरून वेग ठरवला, मोटरच्या बटणावर लाल खूण केली आणि सोमवारी कॉलेजात गेले. तासाआधी घरी फोन लावला.

"झोपला गो, कधीच!"

"बघा! लाल खुणेवरच ठेवलीत ना मोटर?"

"मोटर कसली? सकाळपासून लाईट कुठाय? तुझा कालचा न धुतलेला गाऊन टाकला पाळण्यात. नाक खुपसलंन नि झोपला."

वर्गात जाऊन डॅम्पिंगचा आलेख काढला. शिखर दोनदा पुसलं.

"मॅडम, डोळ्यांत काही गेलं का?" पुढच्या बाकावरच्या समीक्षाने संशयाने विचारलं.

"खडूची धूळ गं," मी म्हटलं.

आमच्या वर्गात पांढरा बोर्ड आहे. मार्करचा.