क्लबचा इतिहास आणि एक चावा

मान खाजवायला हात वर केला, एवढाच काय तो कारकुनाचा गुन्हा. नेमकं त्याच क्षणी अध्यक्षबाई विचारत होत्या, "क्लबचा इतिहास कोण लिहिणार?" टाळ्या पडल्या आणि काम गळ्यात पडलं.

रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांना शिकवणारा तो क्लब महिनाअखेर बंद होणार होता. मैदान हातचं गेलं होतं. चाळीस सभासदांचे सात उरले होते. त्यातल्या दोघांचे कुत्रेही वारले होते, ते आपले सवयीने येत.

"तुम्ही इतिहास लिहिणार?" बायको म्हणाली. "खरा?"

कारकुनाने जुन्या सभांच्या वह्या काढल्या. सुरुवात झकास झाली. फेकलेली वस्तू दात न रुतवता आणून द्यायची, हे कुत्र्यांना शिकवलं मास्तरांनी. मास्तर चित्रकलेचे शिक्षक. क्लब त्यांनीच काढलेला. सहा वर्षांपूर्वीचं पान आलं आणि पेन अडलं. तिथे कारकुनाच्याच सुरेख अक्षरात (देवाने अक्षर तेवढं दिलं होतं) लिहिलं होतं, 'स्पर्धेच्या परीक्षकांना मास्तरांची कुत्री चावली. सबब तिला क्लबातून काढण्यात येत आहे.'

चावला होता कारकुनाचा कुत्रा. तंबूमागे दोन्ही कुत्री शेजारी बांधलेली, परीक्षक पाठमोरे, बघणारा एकटा कारकून. (चिटणीसपद नुकतंच मिळालं होतं, म्हणून तोंड उघडलं नाही.) मास्तर म्हणाले, "माझी चावायची नाही." तिला घेऊन गेले ते पुन्हा फिरकले नाहीत.

तीन दिवस कारकुनाला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी बायकोने बजावलं, "मास्तर अंथरुणाला खिळलेत. जे काय सांगायचं ते आजच सांगून या."

मास्तरांचं अर्धं अंग गेलं होतं. कारकुनाने एका दमात सगळं ओकून टाकलं. मास्तरांनी डोळे मिटले. ते काही केल्या उघडेनात.

"वहिनी! लवकर या!" कारकून किंचाळला. मास्तरांच्या पत्नी ओल्या हातांनी धावत आल्या.

मास्तरांचा एक डोळा उघडला. "मेलो नाही. ऐकतोय." जीभ जड झाली होती. "वर्षभरात गेली ती. तोवर रोज मैदानाकडे वळायची. मी ओढून परत आणायचो."

कारकून लहान पोरासारखा रडला. मास्तरांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "लिही." क्षमाबिमा काही नाही, तेवढंच.

शेवटच्या सभेच्या दोन दिवस आधी मास्तर गेले.

सभेत कारकुनाने खरं काय ते लिहिलेलं पान उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर तो मान खाली घालून थांबला. त्याला वाटलं, आता जोडे बसणार.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "आम्हाला तेव्हाच कळलं होतं हो. तुमचा कुत्रा मलाही चावला होता."

"मलाही," शिंपी म्हणाला.

"मला दोनदा," जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

"मग मास्तरांना जाऊ कसं दिलंत? एकानेही तोंड का नाही उघडलं?"

सगळे आपापल्या चपलांकडे पाहू लागले. अखेर अध्यक्षबाईच पुटपुटल्या, "बोललो असतो तर तुम्ही राजीनामा दिला असता. मग दर रविवारी खुर्च्या कोणी मांडल्या असत्या?"