विद्वांसकाका आणि बावीस यार्डांची काळजी

विद्वांसकाका क्रिकेट बघतात, पण त्यातले खेळाडू त्यांना दिसत नाहीत. फलंदाजाने षटकार मारला आणि कॅमेरा चेंडूमागे प्रेक्षकांत गेला की काका सोफ्यावर पुढे सरकून टीव्हीवर ओरडतात, "अरे, तिकडे काय ठेवलंय? टप्पा कुठे पडला ते दाखव!" दोन षटकांच्या मध्ये फलंदाज पिचवर येऊन गप्पा मारायला लागले तर, "हला की रे मधून!" कोण खेळतंय, किती धावा झाल्या, हे विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. चेंडू कुठे पडून किती उसळला हे मात्र ते जेवताना आमटीच्या वाटीवर हात धरून दाखवतात.

आणि बघतात तरी काय? भारताची मॅच नाही, न्यूझीलंडची नाही. ऑस्ट्रेलियातल्या राज्याराज्यांमधली चार दिवसांची मॅच. ती बघायला खुद्द तिकडेही कुणी फिरकत नाही. स्टँडमध्ये टोप्या घातलेले काही म्हातारे आणि बाकी सगळे सीगल पक्षी. पण इकडे न्यूझीलंडात, पामर्स्टन नॉर्थमध्ये, आमच्या शेजारच्या घरात, काका लॅपटॉप टीव्हीला जोडून हात जोडल्यासारखे बसलेले असतात.

काका निवृत्त रस्ते-इंजिनियर. अर्धी नोकरी पुण्यात झाली, अर्धी इथे. मी शिकायला आले आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चिकटले, तेव्हापासून ते आणि मीनाकाकू माझे शेजारी आहेत. मी स्वतः काळजी करणाऱ्या घराण्यातली आहे. माझी आई विमान उतरल्यावरसुद्धा ते पडेल म्हणून घाबरते. पण काकांनी या बाबतीत आम्हा सगळ्यांना मागे टाकलंय.

त्यांच्या खिशात घराची किल्ली असते ती दार उघडायला नाही, दार काकू उघडतात. किल्ली जमिनीत खुपसायला असते. हिरवळ दिसली की काका वाकतात, किल्ली खुपसतात, बाहेर काढून तिच्यावरची माती अंगठ्याने चोळतात आणि म्हणतात, "ओल आहे." गणपतीत हॉलबाहेर सगळे आरतीची वाट बघत असताना यजमान काका लॉनवर गुडघे टेकून बसले होते. एकदा समोरच्या ग्रॅहमच्या बागेत त्यांनी किल्ली खुपसली. ग्रॅहम जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बाहेर आला आणि म्हणाला, "यू ऑल राइट, मेट?" काका म्हणाले, "हीप्स ऑफ मॉइश्चर." ग्रॅहम बिचारा "स्वीट ॲज", म्हणजे छानच, म्हणून आत गेला. नंतर त्याने मला हळूच विचारलं, मिस्टर विद्वांसचं काही हरवलंय का?

हरवलं होतं तसं. त्यांचा मुलगा निखिल ऑस्ट्रेलियात इंजिनियरिंगला गेला आणि मधेच ते सोडून एका क्रिकेटच्या मैदानावर कामाला लागला. पिच तयार करायचं काम. क्युरेटरचा मदतनीस. ही बातमी त्याने फोनवर सांगितली तेव्हा काका म्हणाले, "गवत कापायला डिग्री लागत नाही. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नव्हती, ग्रॅहमने शिकवलं असतं." त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत.

बोलत नाहीत म्हणजे काय, तेही ऐकण्यासारखं आहे. दर रविवारी निखिलचा फोन येतो. काकू तो स्पीकरवर टाकतात. काका स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभे राहतात आणि ओट्याशी बोलतात, "त्याला विचार, जेवला का." निखिलला हे स्वच्छ ऐकू जातं. पण काकूंनी "बाबा विचारतायत, जेवलास का?" म्हटल्याशिवाय तो उत्तर देत नाही. मग तो म्हणतो, "येस, सांग त्यांना." आणि काकू मान वळवून सांगतात, "अहो, जेवला." एकदा मी काकूंना म्हटलं, तुम्ही ही मध्यस्थी बंद करा, आपोआप बोलतील. त्या म्हणाल्या, "बंद केली तर एवढंही बोलणार नाहीत गं." 

आता या वर्षी काय झालं, तर तिकडच्या वीस षटकांच्या स्पर्धेत नवे संघ आले. राज्यांचे नाहीत, शहरांचे. भडक कपडे, आगीचे लोळ, ढोलताशे. एका नव्या संघाने निखिलच्या मैदानाचा मुख्य क्युरेटर पळवला. तात्पुरती जबाबदारी निखिलवर आली. राज्याच्या एका चार दिवसांच्या मॅचचं पिच त्याने स्वतः करायचं. नीट झालं तर ती जागा कायमची त्याची, नाही तर बाहेरचा माणूस आणणार. त्यात मैदानाच्या मालकांना नव्या शहरी संघांच्या मॅचेस हव्या होत्या, आणि त्यांना हवे षटकार. म्हणजे पिच पाटा हवं, गवताशिवाय, फलंदाजाला सोपं. निखिलचं म्हणणं होतं की चार दिवसांच्या मॅचला गोलंदाजालाही काहीतरी मिळालं पाहिजे. तो पिचवर गवत ठेवणार होता.

हे काकूंकडून कळल्यापासून काकांची अन्नावरची वासना उडाली. मला कुंपणावरून हाक आली, "मुक्ता, तू सायन्सवाली ना? जास्त गवत ठेवलं आणि खाली ओल राहिली तर काय होईल?" मी म्हटलं, काका, मी लोकांची रक्तं तपासते. तर म्हणाले, "तेच ते." रस्त्याखालच्या मातीचं सगळं ज्ञान त्यांनी पिचला लावून बघितलं आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं की पोरगा बुडणार. मॅचच्या आदल्या दिवशी तिकडे पाऊस आहे असं मोबाइलवर दिसलं. काका उठले आणि इथे लख्ख उन्हात वाळत घातलेले कपडे काढून आत घेऊन आले.

मॅचच्या दिवशी मला सुट्टी होती, मी त्यांच्याकडेच गेले. काकूंनी देवापुढे निरांजन लावलं होतं. काका म्हणाले, "याने काय होणार आहे?" आणि तूप पुरेल ना ते बघून आले.

दुसऱ्याच षटकात चेंडू टप्पा पडून असा उसळला की फलंदाजाने डोकं वाचवायला बॅट फेकली. मग लागलीच रांग. आले, गेले. चहापानापर्यंत पहिला संघ आटोपला आणि दुसऱ्याचेही निम्मे परतले. काका किल्ली मुठीत धरून बसले होते, ती तळव्यात रुतली होती. मैदानाच्या फेसबुक पानावर लोक तुटून पडले होते. त्यातल्या एकाने लिहिलं, "हा माणूस गवत कापायला विसरला का?"

काका ताडकन उठले. "गवत कापायचं नसतं, ठेवायचं असतं! मूर्ख!"

 मग काका मला म्हणाले, "मला एक अकाउंट काढून दे. नाव तिकडचं पाहिजे. विद्वांस म्हटलं की लोक ओळखतील." मी ब्रूस असं नाव दिलं. फोटो कसला ठेवू म्हटलं तर म्हणाले, रोलरचा.

एका बोटाने टाइप करत ब्रूस रणांगणात उतरला. पण इंग्रजी पडलं पुण्याच्या सरकारी कचेरीतलं. "आदरणीय महोदय, आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की..." असं प्रत्येक शिवीगाळ करणाऱ्याला उत्तर. ओल, उष्णता, चिकणमाती यांवर परिच्छेद. कुणीतरी ब्रूसला म्हातारा बोकड म्हटलं, ब्रूसने त्याचे आभार मानून पुढचा मुद्दा मांडला. मला हसू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. परत आले तोवर त्यांनी शेवटचं पाठवून दिलं होतं. "क्युरेटर पहाटेपासून उन्हात उभा आहे. कुणी त्याला जेवायला सोडलं की नाही, याची संबंधितांनी कृपया चौकशी करावी."

मी म्हटलं, "काका, हे कशाला लिहिलंत?"

"कॅमेऱ्यात दिसला एकदा. बारीक झालाय."

मॅच दुसऱ्या दिवशीच संपली. चार दिवसांची मॅच दोन दिवसांत. समालोचक हसत होते, काकांनी आवाज बंद केला आणि रिकाम्या पिचकडे बघत बसले. तिथे एक टोपीवाला उकिडवा बसून हाताने माती चाचपत होता.

संध्याकाळी फोन वाजला. रविवार नव्हता. काकूंनी स्पीकर लावला, काका नेहमीप्रमाणे दारात पाठ करून उभे राहिले.

"आई, ते दुसऱ्याला आणतायत," निखिल म्हणाला. "मी असिस्टंटच राहणार. मला खालची ओल कळली नाही. कळायला हवी होती."  काकू "असू दे रे, असू दे" म्हणत राहिल्या. मी उठून घरी जावं की थांबावं हे मला कळेना.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि ब्रूसला सांग, जेवलो."

"कोण ब्रूस?" काकू म्हणाल्या.

"आई, अख्ख्या ऑस्ट्रेलियात क्युरेटर जेवला का विचारणारा एकही ब्रूस नाहीये."

काकूंनी सवयीने मान वळवली. "अहो, जेवला म्हणतोय," असं त्या सांगणार होत्या, तोंडही उघडलं होतं. पण काका दारातून निघाले होते. ते आले, काकूंच्या हातातून त्यांनी फोन घेतला, स्पीकर कसा बंद करायचा ते त्यांना सापडेना, मग तसाच कानाला लावला. घसा खाकरला. इतकी वर्षं साठवलेलं आता काय बाहेर पडणार म्हणून मला धडकीच भरली होती.

"काय जेवलास?" काकांनी विचारलं.

 निखिल म्हणाला, "वरणभात, बाबा."