दीपालीच्या झाडाचा फोटो

दीपालीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून तीन महिने झाले होते. राहून गेलं असं श्यामसुंदरराव म्हणत; खरं तर त्यांनी अकरा कच्चे मसुदे लिहून फाडले होते.

दीपाली आणि अभय हे कोथरूडच्या सोसायटीतले समोरचे शेजारी. दोघंही सॉफ्टवेअरमधली. दोन हजार साली कंपनीने त्यांना वर्षभरासाठी अमेरिकेला धाडलं, तेव्हा दीपालीने श्यामसुंदरकाकांकडे किल्ली दिली आणि गॅलरीतल्या दोन कुंड्या दाखवल्या. एकीत अळू होतं, ते हवं तेव्हा काढायचं. दुसरीत शोभेचं झाड, त्याला फक्त पाणी. काकांनी मान डोलावली, आणि कुठली कुंडी कुठली हे जिना उतरेपर्यंत विसरले. पुन्हा विचारायचा त्यांना संकोच वाटला.

महिन्याभराने त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी अळू आणायला सांगितलं, तेव्हा आयुष्यभर ग्रंथपाल राहिलेल्या या माणसाने आधी वनस्पतिकोश काढला. अळूची पानं बाणाच्या टोकासारखी, असं त्यात होतं. एका कुंडीतली पानं मोठी, गुबगुबीत, बदामाच्या आकाराची वाटली. दुसरीतली अगदी बाणासारखी. त्यांनी ग्रंथाचा मान राखला.

वासंतीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काळ्या चष्म्याआडून त्यांनी यंदा अळू बारीक आहे एवढंच म्हटलं, आणि हाताच्या अंदाजाने वड्या केल्या. त्यांनी स्वतः एक खाल्ली, श्यामसुंदररावांनी दोन, आणि नेमके त्याच वेळी आलेले सोसायटीचे अध्यक्ष रावसाहेब यांनी भिडेखातर सहा. त्या संध्याकाळी सोसायटीची वार्षिक सभा होती. रावसाहेबांचा घसा इतका खवखवत होता, की सभा प्रथमच बारा मिनिटांत, एकमताने संपली. लोक अजून त्या सभेची आठवण काढतात.

चूक कळली ती दीपालीच्या पत्रामुळे. ‘काका, बाणासारख्या पानांचं ते झाड म्हणजे लग्नानंतर आमच्या घरात आलेली पहिली जिवंत वस्तू. इथे सगळीकडे बर्फ आहे. त्याचा एक फोटो पाठवाल?’

श्यामसुंदरराव खचले. स्वतःच्या मुलीसारखी ती पोर, आणि आपण तिचं झाड तळून खाल्लं. हे कळल्यावर ती पुन्हा किल्ली देईल? पुन्हा काका म्हणेल? कापलेला खुंट त्यांनी न्हाणीघरामागे लपवला. त्याला रोज पाणी मात्र घालत, तेही त्याच्याकडे न बघता. मग स्वारगेटजवळच्या एका नर्सरीतून तसंच दुसरं झाड आणलं. घरी आल्यावर दिसलं, की याच्या पानांवर पांढऱ्या शिरा आहेत. ते कुंडी घेऊन फोटो स्टुडिओत गेले.

“रंगीत नको,” त्यांनी हळूच सांगितलं. “काळा-पांढरा काढा. आणि जरा अंधूक आला तरी चालेल.”

फोटोवाल्याने कुंडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “पासपोर्ट साइज का?”

फोटो पाठवण्याचं धैर्य काही झालं नाही. ते वनस्पतिकोशात दडवले गेले आणि नवा चष्मा लागलेल्या वासंतीबाईंच्या हाती लागले.

“अहो, झाडाचं लग्न जमवताय का?”

मग श्यामसुंदररावांनी सगळं सांगितलं. “पानंच कापलीत ना? मूळ नाही?” असं विचारत वासंतीबाई न्हाणीघरामागे गेल्या. खुंटाला तळहाताएवढं, टोकदार, कोवळं पान आलं होतं.

“रोज पाणी घालता, आणि बघत नाही?”

“बघवत नव्हतं.”

बाराव्या मसुद्याला बसलेल्या नवऱ्यापुढचं निळं पत्र त्यांनी ओढून घेतलं आणि लिहिलं: ‘दीपाली, तुझं झाड काकांनी कापलं, मी तळलं, रावसाहेबांनी खाल्लं. झाडासकट आम्ही चौघंही बरे आहोत. नवं पान आलंय, रंगीत फोटो मागाहून पाठवते. लाजून हे गृहस्थ तीन महिने गप्प बसले, रागावू नकोस. वड्या मात्र फार छान झाल्या होत्या.’

“पोस्टात डिंक असतो, तिथे चिकटवा आणि टाका,” त्या म्हणाल्या. “परत वाचत बसू नका.”

ते वाचत बसले नाहीत, उभ्यानेच वाचलं. मग इकडेतिकडे पाहून पोस्टातलं दोरीला बांधलेलं पेन घेतलं आणि तळाशी बारीक अक्षरात, एकही शब्द न खोडता लिहिलं, ‘शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं खरं आहे. तुझा काका.’ आणि विचार बदलण्याच्या आत पत्र चिकटवून पेटीत टाकलं.