सोपानभाऊंचं पहिलं रीडिंग

रजेवरून कामावर आलो की सोपानभाऊ मला 'कसे आहात' असं कधीच विचारत नाहीत. दारातच अडवतात आणि विचारतात, "भजी कांद्याची का बटाट्याची?" मी म्हणायचं, "कांद्याची." मग मान हलवून ते मला आत घेतात. एकदा गंमत म्हणून मी "बटाट्याची" म्हणालो, तर या गृहस्थांनी मला चक्क बाहेर काढलं. "भायेर जा, परत या." मी बाहेर गेलो, परत आलो, मुकाट्याने "कांद्याची" म्हणालो, तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. घरी बायकोला हे सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "दोघंही जरा सुटी घ्या."

आमचा कारखाना तळेगावजवळ. तिथल्या तपासणी खोलीत सोपानभाऊंच्या ताब्यात एक सेन्सर आहे. तो धातूच्या भागाला जराही स्पर्श न करता, नुसत्या उजेडानं त्याचा पृष्ठभाग टिपतो. मोठ्या भागाला एक लेन्स, बारीक कामाला दुसरी. लेन्स तीन पोलादी मण्यांवर टेकते, चुंबक तिला धरून ठेवतं. कितीदा काढली-लावली तरी ती केसभरही न हलता जुन्याच जागी यायला हवी. ती तशी आली का, हे बघायला भाऊ आधी चिनीमातीचा, माप ठाऊक असलेला एक गोळा मोजतात. "वळखीचं आधी, बाकीचं मागनं," हा त्यांचा मंत्र. रीडिंग जुनंच आलं तर काम सुरू. नाही आलं तर लेन्स काढा, पुसा, परत लावा. माणसांनाही त्यांनी हाच नियम लावलाय.

मध्यंतरी त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सुमनचं लग्न झालं. लोणावळ्यात दिली. ती पहिल्यांदा माहेरी येणार, त्या रविवारी त्यांनी मला परंदवडीला घरी बोलावलं. भाऊंचं सकाळपासून काही खरं नव्हतं. उंबरा पुसून झाला होता, तरी पुसत होते.

सुमन दारात आली. मागे पिशव्या घेऊन जावई. भाऊंनी विचारलं, "चहात साखर किती?"

"बिनसाखरेचा, दादा. तिकडं सगळे तसाच घेतात. मलाबी सवय लागली."

भाऊंचा चेहरा उतरला. जावयाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. हसावं की नाही, ते मला कळेना.

"सुमे," भाऊ म्हणाले, "जरा भायेर जा. परत ये."

घाबरून जावईसुद्धा पिशव्यांसकट बाहेर गेला. सुमन मात्र घाबरली नाही, हसलीही नाही. अंगणात गेली, चपला घातल्या, पुन्हा काढल्या, आत आली.

"तीन चमचे, दादा. आन् वरनं चिमूटभर."

भाऊंनी स्वतः चहा केला. ती तो गोडमिट्ट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

सोमवारी भाऊ हातात लेन्स धरून नुसतेच बसले होते.

"सर, पयलं रीडिंग खरं धरायचं, का दुसरं?"

"दुसरं," मी म्हणालो.

"न्हाई वो. खरं पयलंच. पोरगी रुळली तिकडं. लय ब्येस झालं." मग बराच वेळ लेन्स पुसत राहिले. "दुसरं तिनं माझ्यासाटी दिलं."

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि अशा वेळी काय करतात ते मला कधीच कळलेलं नाही. मी उठलो, दाराबाहेर गेलो, परत आलो.

"कांद्याची, भाऊ," म्हणालो.